कारखाना आला, पण तो एरवीही आला असता का?

मोठा प्रकल्प येणार असल्याची बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यात छापून येते. कंपनीचे नाव, गुंतवणुकीचा आकडा, 'इतके हजार रोजगार निर्माण होणार' हे वाक्य, करारावर सह्या करतानाचे छायाचित्र आणि शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी, सरकार या कंपनीला करात, जमिनीत किंवा विजेच्या दरात सवलत देणार असल्याचा उल्लेख. काही दिवसांनी दुसरी बातमी येते, की तसाच एक प्रकल्प शेजारच्या राज्याने पळवला. मग आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी झडतात आणि वाचकाच्या मनात एवढेच उरते, की ज्याने सढळ हाताने दिले त्याने बाजी मारली.

या दोन्ही बातम्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सवलत दिल्यामुळेच प्रकल्प येतो. हे कितपत खरे आहे, याचा शोध अर्थशास्त्रज्ञ आणि धोरणांचे अभ्यासक गेली कित्येक दशके घेत आले आहेत. त्यातले बरेचसे काम अमेरिकेत झाले आहे, कारण तिथली राज्ये, काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग, आणि नगरपालिका कंपन्यांसाठी एकमेकींशी उघड स्पर्धा करतात आणि त्या स्पर्धेच्या नोंदी निदान काही प्रमाणात हाती लागतात. ब्रिटन, फ्रान्स आणि भारत येथूनही मोलाचे पुरावे पुढे आले आहेत. त्या सगळ्यांतून निघणारे उत्तर 'सवलती वाईट' इतके सरधोपट नाही. पण बातमीतला रोजगाराचा आकडा जसाच्या तसा स्वीकारू नये, एवढे मात्र त्यातून ठामपणे सांगता येते.

सवलत म्हणजे नेमके काय दिले जाते?

सवलत म्हटले की करमाफी आठवते, पण तिची रूपे अनेक आहेत. काही वर्षांसाठी मालमत्ता कर गोठवणे, भरलेला कर परत करणे, बाजारभावापेक्षा स्वस्तात जमीन देणे, कारखान्यापर्यंत रस्ता आणि पाण्याची वाहिनी सरकारी खर्चाने नेणे, कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलणे, क्वचित थेट रोख अनुदान देणे, असे सगळे प्रकार एकाच करारात असू शकतात. अर्थतज्ज्ञ केलन स्लॅटरी आणि ओवेन झिडार यांनी २०२० मध्ये केलेल्या हिशेबानुसार, अमेरिकेतल्या राज्य व स्थानिक सरकारांनी २०१४ या एका वर्षात अशा सवलतींवर किमान ३० अब्ज डॉलर खर्च केले.

यातला करमाफीचा भाग फसवा असतो. रस्ता बांधला तर तो अंदाजपत्रकात खर्चाच्या बाजूला दिसतो. पुढच्या दहा वर्षांत जो कर वसूलच करायचा नाही, तो कुठेच दिसत नाही. हक्काच्या उत्पन्नावर पाणी सोडणे आणि तिजोरीतून पैसा काढून देणे यांत हिशेबाच्या दृष्टीने फरक नाही, पण सभागृहात हात वर करणाऱ्या सदस्याला पहिली गोष्ट फुकटची वाटते. अमेरिकेत सरकारी लेखांकनाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये नियम केला, की स्थानिक संस्थांनी करारांपोटी सोडून दिलेला कर आपल्या वार्षिक हिशेबात जाहीर करावा. तोवर कित्येक नगरपालिकांना आपण नेमके किती सोडून देतो, याचा एकत्रित आकडा मांडण्याची गरजच पडली नव्हती.

एरवीचा प्रश्न

समजा, एका नाट्यगृहाने तिकिटाचा दर निम्मा केला आणि प्रयोग हाऊसफुल्ल गेला. व्यवस्थापक साहजिकच म्हणणार, की सवलतीने प्रेक्षक ओढून आणले. पण त्या खुर्च्यांवर तीन प्रकारचे लोक बसलेले आहेत. काही जण पूर्ण पैसे मोजूनही आलेच असते. त्यांना दिलेली सवलत हा निव्वळ तोटा आहे. काही जण शेजारच्या नाट्यगृहातला प्रयोग सोडून इथे आले. इथला फायदा तेवढाच तिथला तोटा, म्हणजे शहराच्या दृष्टीने शून्य. आणि काही जण एरवी घरीच बसले असते. सवलतीची खरी कमाई फक्त या शेवटच्या गटाएवढी आहे, आणि भरलेल्या सभागृहाकडे नुसते पाहून हा गट किती मोठा आहे, हे सांगता येत नाही.

सवलत दिली नसती तर काय घडले असते, या प्रश्नाला संशोधक काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. आपण त्याला 'एरवीचा प्रश्न' म्हणू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नेहमीच्या आकाराच्या सवलतींमुळे ज्यांचा निर्णय खरोखर फिरला अशा कंपन्यांचे प्रमाण त्यांना २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. म्हणजे हात राखून बोलायचे तरी चारपैकी तीन कंपन्या सवलत नसतानाही त्याच ठिकाणी आल्या असत्या किंवा तिथेच विस्तारल्या असत्या.

हे वाचून आश्चर्य वाटते, पण कारण साधे आहे. कारखान्याला कुशल माणसे, कच्चा माल, बंदर किंवा महामार्ग, भरवशाचे पाणी आणि वीज, आणि गिऱ्हाईक जवळ असणे, या गोष्टी लागतात. बहुतेक उद्योगांच्या खर्चात स्थानिक कराचा वाटा मजुरीच्या मानाने फारच लहान असतो. कामगारांच्या कौशल्यातला किंवा वाहतूक खर्चातला थोडासा फरकही करमाफीला गिळून टाकतो. त्यामुळे जागा बहुतेक वेळा इतर कारणांनी ठरते, आणि मग कंपनी सवलत मागते, कारण न मागण्यात तिचा काहीच लाभ नसतो.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो ते पाहू. स्लॅटरी आणि झिडार यांना एकेका कंपनीशी स्वतंत्रपणे केलेल्या मोठ्या करारांत सरासरी १६ कोटी डॉलरच्या बदल्यात १,५०० नोकऱ्यांचे आश्वासन दिसले. सरळ भागाकार केला तर एका नोकरीमागे सुमारे १ लाख ७ हजार डॉलर पडतात. आता बार्टिक यांच्या पट्ट्यातला सर्वांत उदार आकडा धरून, यातली चौथाई प्रकल्पांतलीच नोकरी खरोखर सवलतीमुळे आली असे मानले, तर एका जादा नोकरीची किंमत एकदम ४ लाख डॉलरच्या वर जाते. दोन वेगळ्या अभ्यासांतले आकडे जोडून केलेले हे नुसते उदाहरण आहे, पण छेद बदलला की अपूर्णांक कसा फुगतो, हे त्यावरून कळते.

जे घडलेच नाही ते मोजायचे कसे?

इथे कोणीही विचारील, की सवलत नसती तर काय झाले असते हे कोणाला पाहता येते? पाहता येत नाही, हे खरेच. कंपनीला विचारून उपयोग नाही, कारण 'सवलत नसती तर आम्ही आलो नसतो' असे म्हणण्यातच तिचे हित आहे. अधिकाऱ्यालाही आपण दिलेली सवलत निर्णायक ठरली असेच म्हणावेसे वाटते. आलेल्या कारखान्याच्या आधीची आणि नंतरची स्थिती पाहूनही भागत नाही, कारण मधल्या काळात देशभर तेजी आली असेल तर सगळीकडेच रोजगार वाढलेला असतो. कारखाना मिळालेल्या आणि न मिळालेल्या जागांची तुलनाही घसरते. कंपन्या मुळात वाढत असलेल्या जागा निवडतात, किंवा उलट, सरकार मुद्दाम खचलेल्या जागांना सवलत देते.

यातून वाट काढण्यासाठी संशोधकांनी ज्या युक्त्या योजल्या, त्यांतली एक फार चतुर आहे. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनी अमेरिकेत कारखाना काढण्यासाठी जागा शोधत होती. अनेक ठिकाणे तपासून शेवटी दोनच उरली, साउथ कॅरोलायना राज्यातले ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग आणि नेब्रास्का राज्यातले ओमाहा. कारखाना पहिल्याला मिळाला. मायकेल ग्रीनस्टोन, रिचर्ड हॉर्नबेक आणि एनरिको मोरेटी या अर्थतज्ज्ञांचे म्हणणे असे, की कंपनीने स्वतःच्या पैशाने कसून चौकशी करून शेवटच्या फेरीत ठेवलेली जागा ही विजेत्या जागेची सर्वांत जवळची जुळी आहे. तेव्हा विजेत्याचे एरवी काय झाले असते, हे उपविजेत्याकडे पाहून कळावे. उद्योगांना जागा शोधून देणाऱ्या क्षेत्रातले एक नियतकालिक अशा निवडींच्या हकिगती नेमाने छापत असे, आणि त्यात हरलेल्यांची नावेही असत. त्यावरून त्यांनी ४७ मोठ्या कारखान्यांच्या जोड्या लावल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की कारखाना आल्यावर पाच वर्षांनी, विजेत्या काउंटीत आधीपासून असलेल्या कारखान्यांची उत्पादकता हरलेल्या काउंटीतल्या कारखान्यांपेक्षा सुमारे १२ टक्के अधिक होती. नवा कारखाना जुन्यांनाही वर ओढतो, या समजुतीला हा भक्कम आधार होता.

मात्र इथेच थांबलो तर अर्धेच चित्र हाती लागेल. स्लॅटरी आणि झिडार यांनी विजेता-उपविजेता हीच पद्धत नंतरच्या मोठ्या करारांना लावली, तेव्हा सवलत मिळालेल्या उद्योगात थेट रोजगार वाढल्याचे त्यांना दिसले, पण त्याचा लाभ भोवतालच्या उद्योगांपर्यंत झिरपल्याचा पुरावा दुबळा निघाला. एका अभ्यासाचा आकडा उचलून सल्लागाराच्या अहवालात चिकटवण्याची रीत सर्रास आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे.

दुसरी युक्ती नियम बदलण्याच्या क्षणावर बेतलेली आहे. ब्रिटनमध्ये मागे पडलेल्या भागांतल्या उद्योगांना अनुदान देण्याची योजना होती आणि कोणता भाग पात्र ठरणार हे युरोपीय संघाच्या निकषांवर अवलंबून होते. २००० मध्ये ते निकष बदलले, तशी काही गावे स्थानिक परिस्थितीत काहीही फरक पडलेला नसताना यादीत आली आणि काही बाहेर फेकली गेली. क्रिस्कुओलो, मार्टिन, ओव्हरमन आणि व्हॅन रीनन या संशोधकांनी या योगायोगाचा फायदा घेतला. त्यांना अनुदानाने त्या भागातला कारखानदारीतला रोजगार खरोखर वाढलेला दिसला, पण ही वाढ पूर्णपणे लहान उद्योगांतली होती. मोठ्या कंपन्यांनी पैसे घेतले आणि त्यांचा कारभार होता तेवढाच राहिला. या विषयावरचा एकच निष्कर्ष लक्षात ठेवायचा असेल तर मी हा निवडीन, कारण प्रत्यक्षात सवलतींचा मोठा वाटा नेमका मोठ्यांकडेच जातो.

टेक्सासमधली शाळामंडळे

एरवीचा प्रश्न कागदावर कसा गुळगुळीत होतो, हे टेक्सास राज्याच्या एका कार्यक्रमावरून जवळून पाहता येते. तिथल्या करसंहितेतल्या क्रमांकावरून तो 'चॅप्टर ३१३' या नावाने ओळखला जाई. त्या राज्यात शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो आणि तो कर शाळामंडळ लावते. नवा मोठा प्रकल्प आणणाऱ्या कंपनीला शाळामंडळ दहा वर्षे असे अभय देऊ शके, की तुमच्या मालमत्तेचे मूल्य कितीही असो, कर मात्र एका ठरावीक, खूप खालच्या मूल्यावरच लागेल.

शाळामंडळाने असे का करावे? कारण त्याचे जवळजवळ काहीच जात नव्हते. सोडलेल्या कराची भरपाई शाळांना निधी वाटण्याच्या सूत्रातून राज्य सरकार करी. शिवाय कंपनी वाचलेल्या करातला काही भाग शाळामंडळाला वेगळा देऊ करी, आणि तो राज्याच्या सूत्रात धरला जात नसल्याने तो निव्वळ वरकड लाभ असे. निर्णय एकाचा, बिल दुसऱ्याचे आणि त्यावर वर्तावळा. अशा व्यवस्थेत 'नाही' म्हणणारे मंडळ सापडले असते तरच नवल.

२०१३ मध्ये विधिमंडळाने अट घातली, की सवलत हाच प्रकल्पाच्या जागेचा निर्णायक घटक असल्याचे राज्याच्या वित्त अधिकाऱ्याने प्रमाणित करावे. एरवीचा प्रश्न असा थेट कायद्यात आला, आणि कंपन्यांचे अर्ज त्या अटीला साजेशा भाषेत लिहिले जाऊ लागले. नेथन जेन्सन या राज्यशास्त्रज्ञाने या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा ८५ ते ९० टक्के प्रकल्प सवलतीविनाही टेक्सासमध्येच आले असते, असा त्याचा अंदाज निघाला. पवनचक्क्या वाऱ्याजवळ आणि तेलशुद्धीकरणाचे उद्योग किनाऱ्यावरच्या वाहिन्यांजवळच उभे राहतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. २०२२ च्या अखेरीस विधिमंडळाने कार्यक्रमाची मुदत संपू दिली. पुढच्याच वर्षी थोड्या वेगळ्या अटींसह त्याची जागा घेणारा नवा कायदा आला.

'पण एका कारखान्यामागे कितीतरी धंदे उभे राहतात ना?'

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मोजमापही आहे. कारखान्यातला पगार स्थानिक बाजारात खर्च होतो, त्यातून इतरांची पोटे भरतात. या पटीला गुणक म्हणतात. मोरेटी यांनी २०१० मध्ये अमेरिकन शहरांसाठी काढलेल्या अंदाजानुसार, वस्तूनिर्मितीतली एक नोकरी त्याच शहरात सेवाक्षेत्रासारख्या स्थानिक व्यवसायांत सरासरी १.६ नोकऱ्या निर्माण करते. नंतरच्या अभ्यासांचे अंदाज याहून कमी आहेत. कंपनीने नेमलेल्या सल्लागाराच्या अहवालात चार-पाच पटींचा गुणक दिसला, तर त्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

पण गुणकाने एरवीचा प्रश्न सुटत नाही. कारखाना एरवीही आलाच असता, तर त्याच्यामागून येणारे धंदेही एरवी आलेच असते. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच. दुसरी गोष्ट अशी, की नव्या नोकऱ्या कोणाला मिळतात हे पाहावे लागते. दीर्घ मुदतीत त्यांचा मोठा वाटा बाहेरून स्थलांतर करून आलेल्यांकडे जातो. त्यांना शाळा, पाणी, रस्ते लागतात आणि तो खर्च स्थानिक संस्थेला करायचा असतो, तोही ज्या कराने करायचा तोच माफ केलेला असताना. जिथे बेकारी जास्त आहे तिथे मात्र स्थानिकांना काम मिळण्याचे प्रमाण वाढते. म्हणून बार्टिक यांच्यासारखे अभ्यासक सांगतात, की तीच नोकरी भरभराटीच्या शहरापेक्षा खचलेल्या भागात कितीतरी अधिक मोलाची असते.

'शेजाऱ्याने दिले तर आपण हात बांधून बसायचे?'

अमेरिकेतले कॅन्सस सिटी महानगर दोन राज्यांत विभागलेले आहे. मधून जाणारी राज्यसीमा बऱ्याच ठिकाणी केवळ एक रस्ता आहे. एका बाजूला मिसूरी, दुसऱ्या बाजूला कॅन्सस. दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे एकमेकांच्या कंपन्यांना सवलती देऊन पलीकडून अलीकडे ओढत राहिली. २०११ मध्ये एएमसी या चित्रपटगृह कंपनीने आपले मुख्यालय मिसूरीतून कॅन्ससमधील लीवुडला हलवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ॲपलबीज या रेस्तराँ साखळीचे मुख्यालय कॅन्ससमधून मिसूरीत गेले. कर्मचारी त्याच महानगरात राहत होते, त्यातल्या कित्येकांचे घरही बदलले नाही, फक्त सकाळी गाडी वेगळ्या दिशेला वळू लागली. दोन्ही राज्यांच्या विकास विभागांनी आपापल्या बाजूला आलेल्या नोकऱ्या 'निर्माण झालेल्या' म्हणून मोजल्या.

शेवटी स्थानिक उद्योजकांनीच हे थांबवा म्हणून तगादा लावला आणि २०१९ मध्ये मिसूरीने कायदा करून व कॅन्ससच्या गव्हर्नरांनी आदेश काढून, सीमेलगतच्या काउंटींमध्ये एकमेकांच्या नोकऱ्या पळवण्यासाठी सवलती द्यायच्या नाहीत, असा तह केला. हा तह किती नाजूक होता, याची चुणूक जून २०२४ मध्ये मिळाली. मिसूरीत खेळणाऱ्या दोन मोठ्या क्रीडा संघांना नवी स्टेडियम बांधून पलीकडे आणता यावे, म्हणून कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात कायदा मंजूर केला.

आक्षेपाचे उत्तर असे, की एकट्या सरकारच्या दृष्टीने सवलत देणे शहाणपणाचे असू शकते आणि सगळ्यांच्या मिळून दृष्टीने तोच मूर्खपणा असू शकतो. म्हणून त्याला आळा घालायचा तर तो वरच्या पातळीवरूनच घालावा लागतो. युरोपीय संघाच्या मूळ करारातले १०७ वे कलम, सदस्य देशांनी स्पर्धा बिघडवणारे अनुदान उद्योगांना देऊ नये, असे सांगते आणि राहणीमान फारच खालावलेल्या भागांसाठी अपवाद ठेवते. त्यामुळे तिथे सवलती बंद झालेल्या नाहीत, पण त्या कुठे आणि किती द्याव्यात याला एक चौकट आहे.

'मागास भागाला तरी सवलत हवीच'

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि इथे पुरावे दोन्ही बाजूंनी सापडतात. भारत सरकारने २००३ मध्ये उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातल्या नव्या उद्योगांना दहा वर्षे उत्पादन शुल्क आणि पहिली पाच वर्षे प्राप्तिकर माफ केला. रितम चौरे यांच्या अभ्यासानुसार तिथे कारखान्यांची संख्या, गुंतवणूक आणि रोजगार लक्षणीय वाढले, आणि हे कारखाने दुसरीकडून उठून आले असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मोठी सवलत, बऱ्यापैकी रस्ते आणि उत्तर भारताची बाजारपेठ हाताशी, असा तिथे योग होता.

त्याआधी, १९९४ पासून, औद्योगिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या जिल्ह्यांतल्या नव्या कारखान्यांना प्राप्तिकरात सूट मिळू लागली होती. कोणता जिल्हा मागास हे गुणांकन करून ठरवले होते, त्यामुळे रेषेच्या जरा अलीकडच्या आणि पलीकडच्या जिल्ह्यांची तुलना करता येते. त्या तुलनेत पात्र जिल्ह्यांत हलक्या उद्योगांची संख्या आणि रोजगार वाढलेला दिसतो, पण त्याची किंमत शेजारच्या जिल्ह्यांनी मोजलेली दिसते, आणि ते शेजारी स्वतःही काही सधन नव्हते. रेषा आखली की रेषेपलीकडचा गरीब तेवढा वगळला जातो. फ्रान्सने शहरांतल्या वंचित वस्त्यांसाठी करमुक्त क्षेत्रे केली, तिथेही नवी आस्थापने बहुतांशी त्याच शहरातल्या दुसऱ्या भागांतून सरकल्याचे आढळले.

आणखी एक गळती आहे, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ब्रिटनने १९८१ पासून आखलेल्या उद्योग क्षेत्रांत स्थानिक मालमत्ता कर माफ केला, तेव्हा तिथल्या जागांची भाडी वाढली. सवलत उद्योजकाच्या नावाने दिली गेली आणि तिचा बराच भाग जागामालकाच्या खिशात गेला. जमीन थोडी आणि मागणी अचानक वाढलेली, असे जिथे जिथे होते तिथे हे होणारच.

'हे सगळे ठाऊक असूनही सवलती का दिल्या जातात?'

कारण खर्च पसरलेला आणि लांबचा असतो, श्रेय मात्र आजचे आणि एका चेहऱ्याचे असते. जेन्सन आणि एडमंड मलेस्की यांना अमेरिकन शहरांच्या अभ्यासात असे आढळले, की जिथे महापौर थेट लोकांतून निवडून येतो तिथे, नियुक्त प्रशासक कारभार पाहतो त्या शहरांपेक्षा, सवलती अधिक सढळ असतात. लोकनियुक्त माणसापेक्षा नोकरशहा बरा, असा याचा अर्थ काढू नये. प्रकल्प दुसरीकडे गेला तर 'काहीच केले नाही' हा ठपका निवडून आलेल्यावरच येतो, आणि त्यावर सवलत हे त्याचे चिलखत असते.

मग पैसा लावायचा कुठे, आणि करार कसा असावा?

कंपनी निघून गेली तरी मागे राहील अशा गोष्टींवर खर्च करावा, हा संशोधनातून निघणारा कल आहे: लहान उद्योगांना तांत्रिक आणि व्यवस्थापकीय सल्ला, नेमक्या कामाचे प्रशिक्षण, पडीक औद्योगिक जमिनी साफ करून वापरात आणणे. बार्टिक यांच्या हिशेबात अशा सेवांमधून मिळणारी नोकरी करमाफीतून मिळणाऱ्या नोकरीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

ॲमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले आणि २३८ आले. निवडलेल्या दोन जागांपैकी न्यूयॉर्कने २५ हजार नोकऱ्यांसाठी जवळजवळ ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. स्थानिक विरोधानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. व्हर्जिनियाने तेवढ्याच नोकऱ्यांसाठी थेट सवलत ५५ कोटी डॉलरवर ठेवली, तीही नोकऱ्या निर्माण झाल्यावर देण्याची, आणि याहून मोठी रक्कम संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणावर खर्च करण्याचे ठरवले. २०२३ मध्ये कंपनीने तिथले पुढच्या टप्प्याचे बांधकाम लांबणीवर टाकले, पण शिक्षणासाठी उभ्या केलेल्या जागा कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत.

कराराचे कलम किती महत्त्वाचे असते, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रकल्पात एकाच वेळी दोन्ही अंगांनी दिसले. २०१७ मध्ये १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३ हजारांपर्यंत नोकऱ्या जाहीर झाल्या, आणि राज्याने जवळपास ३ अब्ज डॉलरच्या सवलती मान्य केल्या. प्रकल्प त्या आकाराचा कधी झालाच नाही. २०२१ मध्ये करार नव्याने लिहून १,४५४ नोकऱ्या आणि ८ कोटी डॉलरच्या सवलतींवर आणला गेला. राज्याचे नुकसान मर्यादित राहिले, कारण त्याचा पैसा नोकऱ्या दिसल्यावरच सुटणार होता. पण प्रकल्प जिथे उभा राहायचा होता ते माउंट प्लेझंट हे तीस हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव; त्याने जमीन घेणे, लोकांची घरे हलवणे, रस्ते आणि पाणी यांवरचा खर्च आधीच कर्ज काढून केला होता. त्याला तारले ते एका वेगळ्या कलमाने: प्रत्यक्षात काहीही बांधले तरी, २०२३ पासून कंपनीने किमान १.४ अब्ज डॉलर मूल्याच्या मालमत्तेवरचा कर भरायचा, अशी हमी गावाने लिहून घेतली होती.

त्या परिसरातल्या जमिनीवर आता मायक्रोसॉफ्ट डेटा सेंटर उभारत आहे. डेटा सेंटरमुळे करपात्र मालमत्ता भरपूर वाढते, बांधकामापुरती माणसे भरपूर लागतात आणि कायमच्या नोकऱ्या गुंतवणुकीच्या मानाने थोड्या असतात, तेव्हा माउंट प्लेझंटपुढचा हिशेब आता रोजगारापेक्षा कराचा, विजेचा आणि पाण्याचा आहे. दरम्यान, अशी केंद्रे राज्यात यावीत म्हणून विस्कॉन्सिनने २०२३ मध्येच त्यांच्या यंत्रसामग्रीवरचा विक्रीकर माफ केला आहे.